गाळणीत अडकलं ते नळीत उतरलं का? उच्छ्वासातले कण आणि नॅनोतंतूंचा पडदा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. एम.टेक.च्या प्रकल्पासाठी तुम्ही इलेक्ट्रोस्पिनिंगने, म्हणजे विजेच्या उच्च दाबाने द्रावणातून बारीक तंतू ओढून, पॉलीॲक्रिलोनायट्राइलचा, म्हणजे आपण ज्याला पॅन म्हणतो त्याचा, पडदा केला आहे. तंतूंची सरासरी जाडी २५० नॅनोमीटर. मिठाच्या ०.३ मायक्रॉनच्या कणांवर, ५.३ सें.मी. प्रतिसेकंद वेगाने चाचणी घेतली तेव्हा ९९.९ टक्के कण अडले आणि दाबातली घट १८० पास्कल आली. आता ४७ मि.मी.ची चकती कापून मास्कच्या पुढच्या भागात बसवायची, क्षयरुग्णाला तो मास्क अर्धा तास लावायचा आणि चकतीवरून थेट पीसीआर, म्हणजे जंतूंचा डीएनए वाढवून तो ओळखणारी चाचणी, करायचा, असा बेत आहे. तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. पडदा आणखी जाड करून ९९.९९ टक्क्यांपर्यंत न्यावा का? आणि क्षयाचे जंतू यात सापडतील का?

पहिल्याचं उत्तर स्पष्ट आहे: जाड करू नका, उलट पातळ करा. दुसऱ्याचं उत्तर तुमच्या पडद्याच्या टक्केवारीवर फारच थोडं अवलंबून आहे, आणि हेच मला नीट समजावून सांगायचं आहे. मी सतरा वर्षं गाळण्या बनवतो आहे. त्यातली पहिली काही वर्षं मीही त्या ९ च्या आकड्यांमागेच लागलो होतो. मास्क बनवणाऱ्याला कण अडला की काम संपतं. नमुना गोळा करणाऱ्याचं काम कण अडल्यावर सुरू होतं.

एक साधा हिशोब करू. समजा, अर्ध्या तासात रुग्णाच्या श्वासातून दहा जंतू बाहेर पडले. चकतीतून हवा जड जाते म्हणून मास्कच्या कडेने ४० टक्के हवा निसटली. उरले सहा. तुमच्या पडद्याने सहाच्या सहा धरले. माझ्या ९० टक्केवाल्या पातळ पडद्याने ५.४ धरले. आता ते धुऊन काढायचे. तंतूंच्या जाळ्यातून २५ टक्के सुटले तर तुमच्याकडे दीड, माझ्याकडे १.३५. त्या १०० मायक्रोलिटर अर्कातले ५ मायक्रोलिटर पीसीआरच्या नळीत गेले. तुमच्या नळीत ०.०७५ जंतू, माझ्या नळीत ०.०६८. म्हणजे दोघांच्याही हाती शून्य. ९० वरून ९९.९ वर जाण्यासाठी तुम्ही जी मेहनत केली ती या साखळीत दिसतही नाही. कडेची गळती, धुण्यातलं नुकसान आणि शेवटची ती ५ मायक्रोलिटरची चिमूट, खरा तोटा या तीन जागी आहे.

आता श्वासात मुळात असतं किती, ते पाहू. शांतपणे श्वास घेणारा माणूस मिनिटाला साधारण ७ लिटर हवा बाहेर सोडतो, म्हणजे अर्ध्या तासात २१० लिटर. एका लिटरमध्ये कणांची संख्या माणसागणिक खूप बदलते, पण शंभर ते हजार असं धरून चाला. बहुतेक कण एक मायक्रॉनपेक्षा लहान असतात. एक लाख कण आणि प्रत्येकाचा व्यास अर्धा मायक्रॉन धरला, तर सगळ्यांचं मिळून वजन भरतं साधारण ६ ते ७ नॅनोग्रॅम. मोठे कण थोडे असले तरी वजनात भर घालतात, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा यापेक्षा वर जाऊ शकतो. पण आपण नॅनोग्रॅमच्याच जगात आहोत. आणि त्याच २१० लिटर हवेत वाफेच्या रूपात पाणी असतं ७ ते ८ ग्रॅम, कारण ओठांशी येणारी हवा सुमारे ३४ अंशांची आणि पाण्याने पूर्ण भरलेली असते. कणांच्या अब्जपट पाणी. तुमच्या पडद्यासमोर ही परिस्थिती आहे. तुमच्या चाचणीत मात्र कोरडं मीठ आणि कोरडी हवा होती.

हे पाणी तीन प्रकारे त्रास देतं. पहिला प्रकार साचण्याचा. खोली २५ अंशांवर असेल आणि हवा पडद्याशी तेवढी थंड झाली, तर अर्ध्या तासात ३ ग्रॅमपर्यंत पाणी जमू शकतं. नॅनोतंतूंमधली छिद्रं बारीक असल्यामुळे केशाकर्षणाने पाणी तिथे पापुद्रा धरून बसतं, हवेची वाट बंद होते आणि दाब झपाट्याने चढतो. दुसरा प्रकार विद्युतभाराचा. इलेक्ट्रोस्पिनिंगने नुकत्याच केलेल्या पडद्यावर थोडा भार उरलेला असतो आणि तो कण ओढून घेतो. दमट उच्छ्वासात तो फार काळ टिकत नाही, त्यामुळे ताज्या पडद्याची टक्केवारी पाहून हुरळून जाऊ नका. पडदा आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या वाफेत ठेवून भार घालवा आणि मग पुन्हा मोजा. तो दुसरा आकडा तुमचा खरा. तिसरा प्रकार कणांच्या आकाराचा: दमट हवेत कण फुगलेले असतात, कोरड्या हवेत गेले की आकसतात. म्हणून मास्कच्या आत आणि खोलीत मोजलेला आकार एकच असेल असं समजू नका.

दाबाबद्दल तुमच्याच आकड्यांवर हिशोब करून दाखवतो. ४७ मि.मी.च्या चकतीची कड होल्डरमध्ये दबते आणि हवेसाठी जेमतेम १४ चौ. सें.मी. उरतं. श्वास सोडताना प्रवाह काही क्षण ३० लिटर प्रतिमिनिटापर्यंत जातो. म्हणजे पडद्याशी वेग ३६ सें.मी. प्रतिसेकंद, तुमच्या चाचणीच्या जवळजवळ सातपट. अशा पडद्यात दाब वेगाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे १८० चे झाले १,२०० पास्कलच्या वर, पाण्याच्या स्तंभात १२ सें.मी.हून जास्त. अमेरिकेच्या एन-९५ प्रमाणपत्रात ८५ लिटर प्रवाहालाही श्वास सोडताना २५ मि.मी.ची मर्यादा आहे. धडधाकट माणूसही तुमच्या चकतीतून अर्धा तास श्वास सोडणार नाही. हवा मास्कच्या कडेने जाईल, आणि पडदा अगदी स्वच्छ राहील.

एका क्षयरोग केंद्रात आमच्या सुरुवातीच्या साधनाची चाचणी चालू होती. एक आजी होत्या, वजन पस्तीस किलोच्या आसपास. दर दोन मिनिटांनी त्या मास्क बोटाने जरा उचलायच्या, दोन श्वास मोकळे घ्यायच्या आणि परत लावायच्या. आम्ही काचेपलीकडून प्रवाहाचा आलेख पाहत होतो आणि मशीन बिघडलं असं समजत होतो. मग नर्सबाईंनी सांगितलं, त्यांना दम लागतोय हो. त्या दिवसापासून माझ्या वहीत पहिल्या पानावर टक्केवारी नसते, रुग्णाला लागणारा दाब असतो. शांत श्वासाच्या शिखरप्रवाहाला १०० पास्कल, त्यावर जायचं नाही.

आता मार्ग. गाळण्याचं गणित असं असतं की प्रत्येक थर आपल्याकडे आलेल्या कणांचा ठरावीक हिस्सा अडवतो. तुमच्या ९९.९ टक्केवाल्या पडद्याची जाडी एक तृतीयांश केली तर तो ९० टक्के देईल आणि दाब १८० वरून ६० वर येईल. तोच पडदा १४ ऐवजी ६० चौ. सें.मी. क्षेत्रावर पसरला तर शिखरवेग साधारण ८ सें.मी. होतो आणि दाब ९५ पास्कलच्या आत राहतो. म्हणजे पातळ करा आणि पसरवा.

तरी तुम्ही म्हणाल, दहा टक्के कण सोडून द्यायचे? इथे क्षयाच्या जंतूचा आकार लक्षात घ्या. तो काठीसारखा, २ ते ४ मायक्रॉन लांब. त्याला वाहून नेणारा कण एक मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून मोठा असणार. ०.३ मायक्रॉन हा आकार गाळणीच्या चाचणीत घेतात तो त्या आकाराचे कण सगळ्यांत जास्त निसटतात म्हणून. त्याहून लहान कण हवेच्या रेणूंचे धक्के खात भरकटतात आणि तंतूला चिकटतात. मोठे कण वळण न घेता आल्याने किंवा तंतूला घासून जाताना अडकतात. जो पडदा ०.३ ला ९० टक्के देतो तो दोन मायक्रॉनचा कण जवळजवळ सोडतच नाही. तेव्हा क्षयासाठी तुम्ही चुकीच्या आकारावर परीक्षा देत आहात. इन्फ्लुएन्झासारख्या विषाणूंचा प्रश्न असता तर मी वेगळं बोललो असतो. तिथे लहान कणही महत्त्वाचे असतात. मेरीलँड विद्यापीठातल्या डोनाल्ड मिल्टन यांच्या गटाने २०१८ साली इन्फ्लुएन्झाच्या रुग्णांचा उच्छ्वास तपासला, तेव्हा ५ मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांच्या ३९ टक्के नमुन्यांत जिवंत, संसर्गक्षम विषाणू सापडला.

मग नॅनोतंतू वापरायचे कशाला, साधी मेल्टब्लोन, म्हणजे वितळलेलं प्लॅस्टिक फुंकून केलेल्या तंतूंची, गाळणी का नको? याचं नेहमीचं उत्तर असं की तंतूची जाडी हवेच्या रेणूंच्या मुक्त मार्गाच्या, म्हणजे साधारण ६६ नॅनोमीटरच्या, जवळ आली की हवा तंतूवरून थोडी घसरते आणि अडथळा कमी होतो. ते खरंच आहे. पण नमुना गोळा करणाऱ्यासाठी दुसरं कारण जास्त मोलाचं आहे: यात पदार्थ अतिशय थोडा लागतो. पडद्याचं वजन चौरस मीटरला ०.६ ग्रॅम धरा. ६० चौ. सें.मी.ला झाले ३.६ मिलिग्रॅम. एवढा पदार्थ एक मिलिलिटर पाण्यात अख्खाच्या अख्खा विरघळवता येतो. धुऊन काढण्याची गरजच उरत नाही; पडदाच नाहीसा होतो आणि त्यात अडकलेलं सगळं नळीत राहतं. माझ्या मते या कामातलं नॅनोतंतूंचं सगळ्यांत मोठं सामर्थ्य हेच आहे, आणि शोधनिबंधांच्या गोषवाऱ्यांत ते बऱ्याचदा टक्केवारीखाली दबून जातं.

इथे तुमचा पॅन आडवा येतो. पॅन विरघळतो डायमिथाइल फॉर्मामाइड किंवा डायमिथाइल सल्फॉक्साइडमध्ये, आणि ते पीसीआरच्या वाटेवर मला नको आहेत. धुऊन काढायचं म्हटलं तर थोडं ट्वीन (साबणासारखं रसायन) घातलेलं पाणी, व्हॉर्टेक्सवर घुसळणं, सोनिकेशनने म्हणजे ध्वनिलहरींनी हलवणं, एवढं करूनही बरंच आतच राहतं. कण आणि तंतू यांच्यातलं आकर्षण या आकाराला फार चिवट असतं. शिवाय डायमिथाइल फॉर्मामाइड १५३ अंशांना उकळतं, त्यामुळे ते पडद्यात मागे राहतं. ते यकृताला अपायकारक आहे, गर्भालाही. आजारी माणसाच्या तोंडासमोर असा पडदा धरण्याआधी तो निर्वात ओव्हनमध्ये नीट वाळवला पाहिजे आणि उरलेलं द्रावक मोजलं पाहिजे. हे नैतिक समितीने विचारण्याआधी तुम्हीच विचारायला हवं.

माझी शिफारस पॉलीव्हिनाइल अल्कोहोलची आहे. द्रावक म्हणून पाणी, विषारी काही नाही. इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठाचा मायकेल बारर आणि कॅरोलाइन विल्यम्स यांचा गट मास्कमधून क्षयाचे जंतू गोळा करण्याच्या कामात अग्रेसर आहे. त्यांनी आधी जिलेटिनची गाळणी वापरली आणि नंतर त्रिमितीय छपाईने केलेल्या याच पॉलिमरच्या पट्ट्या मास्कमध्ये लावल्या. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या, दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाला केलेल्या त्यांच्या कामात चोवीस तासांत वेळोवेळी घेतलेल्या मास्कच्या नमुन्यांपैकी ८६ टक्क्यांत जंतूंची खूण मिळाली. त्याच काळातल्या बेडक्याच्या नमुन्यांपैकी फक्त २१ टक्क्यांत. त्यांच्या पट्ट्यांतून सगळी हवा आरपार जात नव्हती, पट्टी मास्कच्या आत नुसती होती. तरी हे निकाल आले. गाळण्याची टक्केवारी हा इथला कळीचा मुद्दा नाही, याला यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही.

मात्र हे पॉलिमर निवडताना त्याची जात पाहून घ्या. ८७–८९ टक्के हायड्रोलाइज्ड (म्हणजे ॲसिटेट गट तेवढे काढलेला) प्रकार थंड पाण्यातही विरघळतो, म्हणजे रुग्णाच्या उच्छ्वासातच त्याचा चिकट गोळा होईल. ९८–९९ टक्केवाला प्रकार घ्या, पडदा झाल्यावर तो मिथेनॉलमध्ये बुडवून पूर्ण वाळवा. त्याने स्फटिकता वाढते आणि तंतू दमटपणात तग धरतात. तोच पडदा ९० अंशांच्या वर गरम पाण्यात विरघळतो, आणि क्षयाचा नमुना निष्क्रिय करायला तुम्हाला तो तापवायचाच असतो. जिवंत जंतू वाढवून पाहायचे असतील तर हा रस्ता बंद होतो, हेही आधीच ठरवून घ्या. विरघळलेल्या पॉलिमरने द्रव घट्ट होतो आणि डीएनए शुद्ध करण्याच्या कॉलममध्ये तुंबू शकतो. म्हणून ठरावीक डीएनए घालून पडद्यासह आणि पडद्याविना पीसीआर लावा. सिग्नल किती चक्रं उशिरा येतो ते पाहा. आणि १०० मायक्रोलिटरमधले ५ नव्हे, अर्क आटवून जमेल तेवढा सगळा वापरा. वरच्या हिशोबात सगळ्यांत मोठा तोटा याच पायरीवर होता.

तुम्ही पुण्यात काम करता असं लिहिलंय, म्हणून पावसाळ्याचं सांगतो. जुलैत खोलीतली आर्द्रता ८० टक्क्यांवर गेली की पाण्यातलं द्रावण सुईपासून तंतू जमा होतात त्या कलेक्टरपर्यंतच्या १५ सें.मी. प्रवासात सुकतच नाही. तंतू ओले पडतात, एकमेकांत वितळल्यासारखे चिकटतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली जाळ्याऐवजी फाटकी साय दिसते. मार्चमध्ये सुरेख चालणारी तीच कृती, तेच २० किलोव्होल्ट, तोच सिरिंज पंप. आमच्या एका विद्यार्थिनीने दोन महिने द्रावणाचं प्रमाण बदलत घालवले आणि दोष हवेचा होता. पेटी बंद करा, आत सिलिका जेल किंवा छोटा डीह्युमिडिफायर ठेवा, ४० ते ४५ टक्क्यांवर स्थिर करा आणि प्रत्येक बॅचच्या पाकिटावर त्या दिवसाची आर्द्रता लिहा. तंतूंवर मणी दिसले तर लगेच टाकून देऊ नका. थोडे मणी तंतूंना एकमेकांपासून दूर ठेवतात आणि दाब कमी करतात.

आता रुग्णाच्या बाजूचं. शहरातल्या हवेच्या एका घन सें.मी.मध्ये हजारो कण असतात, उच्छ्वासात एकाहूनही कमी. श्वास आत घेताना हवा पडद्यातूनच आली तर तुम्ही खोलीचा नमुना घेताय, रुग्णाचा नाही. क्षयाच्या वॉर्डात तर शेजारच्या खाटेवरचा जंतूही येऊ शकतो. बाल्टिमोरच्या रुग्णालयात विल्यम वेल्स आणि रिचर्ड रायली यांनी वॉर्डातली हवा गिनीपिगांच्या खोलीत सोडून क्षय हवेतून पसरतो हे दाखवलं, त्यालाही आता साठाहून अधिक वर्षं झाली. म्हणून आत येणारी हवा वेगळ्या एकमार्गी झडपेतून आणि हेपा, म्हणजे अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या, गाळणीतून घ्या, पहिली दोन-तीन मिनिटं सोडून द्या. आणि कोरा पडदा त्याच खाटेशेजारी, तेवढाच वेळ, तशाच होल्डरमध्ये ठेवून त्याचाही पीसीआर करा. दर रुग्णामागे असा एक कोरा नमुना नसेल तर मी तुमच्या निकालावर विश्वास ठेवणार नाही.

लाळेचंही तसंच. एक बारीकसा लाळेचा थेंब सगळ्या उच्छ्वासापेक्षा वजनाने कितीतरी जास्त असतो. तोंडाजवळ नळीला वळण द्या, म्हणजे मोठे थेंब तिथेच आपटतील, आणि अर्कात अमायलेज, म्हणजे लाळेतलं विकर, आहे का ते तपासा. नमुना किती गोळा झाला हे कळायला वेळ मोजणं पुरत नाही, कारण दोन माणसांत कणांची संख्या कित्येक पट वेगळी असते. फुप्फुसाच्या खोल भागातल्या द्रवात डायपाल्मिटॉइल फॉस्फॅटिडिलकोलिन हे मेद असतं. ते मोजून निकाल त्याच्या प्रमाणात मांडता येतो. मास स्पेक्ट्रोमीटर उपलब्ध असेल तर हे जरूर करा, कारण मग रिकामा निकाल आला तरी जंतू नव्हते की नमुनाच नव्हता, हे सांगता येतं.

रुग्णाला खोकायला लावायचं का, हेही तुम्ही विचारलं होतं. केप टाउनला रॉबिन वुड यांच्या गटाने रुग्णाला स्वच्छ हवेच्या बंदिस्त कक्षात बसवून हे मोजलं. २०२२ साली रायन डिंकेले आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की शांत श्वासातूनही क्षयाचे जंतू बाहेर येतात, आणि दिवसभरातल्या हजारो श्वासांचा हिशोब केला तर खोकल्यापेक्षा त्यांचाच वाटा मोठा निघतो. त्यामागची यंत्रणा मला फार सुंदर वाटते. श्वास पूर्ण सोडला की सगळ्यांत बारीक श्वासनलिका मिटतात. पुन्हा उघडताना आतल्या द्रवाचा पापुद्रा ताणतो, फुटतो आणि त्याचे तुषार होतात. म्हणून दर मिनिटाला एकदा सावकाश, अगदी शेवटपर्यंत श्वास सोडायला सांगा. खोकला नको. त्याने लाळ येते, रुग्ण दमतो आणि शेजारी उभ्या असलेल्या तुमच्या सहकाऱ्याला धोका वाढतो.

रुग्णापर्यंत मात्र इतक्यात जाऊ नका. आधी ३४ अंशांची, पूर्ण दमट हवा पिस्टनने आत-बाहेर होईल असा साधा कृत्रिम श्वास तयार करा. त्यात उष्णतेने मारलेले बीसीजीचे, म्हणजे क्षयाच्या लसीतले, जंतू मोजून नेब्युलायझरने सोडा. किती सोडले आणि पीसीआरच्या नळीत किती उतरले, एवढा एकच आकडा प्रबंधाच्या पहिल्या तक्त्यात द्या. तो सुरुवातीला पाच-दहा टक्के येईल आणि वाईट वाटेल. ९९.९ च्या मानाने तो फार छोटा दिसतो, पण तो खरा असतो आणि त्यावर काम करता येतं.

हे सगळं मी इतक्या तपशिलात लिहितोय ते लहान मुलांसाठी. जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा आपल्या देशात आहे, आणि चार वर्षांच्या मुलाला बेडका काढता येत नाही. त्याला उपाशीपोटी पहाटे नाकातून नळी घालून पोटातला द्रव ओढून घेतात. मुलाला धरून ठेवणाऱ्या आईचा चेहरा मी पाहिलेला आहे. मुलाचा श्वास मोठ्यांच्या मानाने कितीतरी लहान, त्यातले कण आणखी थोडे, त्याला सोसेल तो दाबही कमी. मोठ्यांवर चाललेला पडदा मुलांवर चालेल असं नाही. तेव्हा क्षेत्रफळ ठरवताना मुलांच्या मास्कचं माप आत्ताच हातात घ्या. तुमचा ६० चौ. सें.मी.चा पडदा त्यात सपाट बसणार नाही, त्याला चुण्या घालाव्या लागतील, आणि चुणीच्या घडीवर नॅनोतंतू तडकतात का हे आधाराच्या स्पनबाँड (न विणलेल्या) कापडावर अवलंबून असतं. पुढच्या बॅचला पडदा चौरस मीटरला १५ ते २० ग्रॅमच्या मऊ स्पनबाँडवर घ्या, घडी घालून उलगडा आणि घडीची जागा सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. स्पनबाँड पॉलीप्रॉपिलीनचं असलं म्हणजे गरम पाण्यात ते विरघळणार नाही. तो तुकडा चिमट्याने पिळून बाहेर काढायचा, पण पिळल्यावरही त्यात किती द्रव उरतो ते वजन करून बघा. आमच्याकडे सुरुवातीला तिथेच जवळजवळ तिसरा हिस्सा राहत होता.